ऑपरेटर सिद्धांत आणि हार्मोनिक विश्लेषण यांत संशोधन करणारा गणितज्ञ आयुष्यभर नेमके काय करतो?

ऑपरेटर म्हणजे एका फलनापासून दुसरे फलन बनवणारी क्रिया, आणि हार्मोनिक विश्लेषण म्हणजे फलनांची लहरींत फोड करून केलेला अभ्यास. वरील प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर फारसे उपयोगाचे ठरणार नाही, म्हणून मी ते एकाच गणितज्ञाच्या कामावरून देतो. मिशा कोत्लार हे नाव विश्लेषणाच्या विद्यार्थ्यांना ‘कोत्लार–स्टाइन लेमा’मुळे (लेमा म्हणजे सहायक प्रमेय) ठाऊक असते, त्यांच्या बाकीच्या कामाची मात्र फारशी कुणाला माहिती नसते.

कोत्लार यांचा जन्म १९१३ साली आजच्या युक्रेनमधील सार्नी येथे झाला. १९२८ मध्ये कुटुंब उरुग्वेला स्थलांतरित झाले. तेथे माँटेव्हिडिओत पोटासाठी दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवत ते गणित शिकत राहिले. शाळेचे म्हणावे असे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. १९३५ मध्ये ते ब्युनोस आयर्सला गेले आणि १९५३ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, शिकागो विद्यापीठात अँतोनी झिग्मुंड यांच्या हाताखाली हिल्बर्ट रूपांतराच्या सिद्धांतावर त्यांनी पीएचडी मिळवली.

दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, तो लेमा प्रसिद्ध झाला. त्यामागची अडचण अशी आहे. हिल्बर्ट रूपांतर म्हणजे फलनाचे १/x शी कॉन्व्होल्यूशन, म्हणजे १/x सरकवत नेऊन फलनाशी गुणायचे आणि संकलन करायचे. पण १/x चे निरपेक्ष मूल्य घेऊन संकलन केले तर ते शून्यापाशीही अनंत होते आणि दूरवरही. म्हणून |x| हा २ च्या लागोपाठच्या दोन घातांच्या मध्ये असेल तेवढा एकेक तुकडा वेगळा काढायचा. अशा प्रत्येक तुकड्याच्या ऑपरेटरचा नॉर्म, म्हणजे तो फलनाचा आकार जास्तीत जास्त किती पट करतो याचे माप, २ लॉग २, म्हणजे सुमारे १.३९, याच्या आत राहतो. तुकडे मात्र अनंत आहेत, त्यामुळे नॉर्मची नुसती बेरीज करून काहीच हाती लागत नाही. कोत्लार यांनी हेरले ते असे, की धन आणि ऋण भाग एकमेकांना खोडत असल्यामुळे i-व्या आणि j-व्या तुकड्यांच्या गुणाकाराचा नॉर्म |i−j| वाढत जाईल तसा भूमितीय वेगाने घटतो. हे ऑपरेटर एकमेकांना अगदी लंब नसले तरी जवळजवळ लंब आहेत, आणि बेरीज बद्ध, म्हणजे सान्त नॉर्मची, राहण्यासाठी तेवढे पुरते. सिद्धता फळ्यावर सहज मावते: बेरजेच्या ऑपरेटरला त्याच्या सहचराने (अ‍ॅडजॉइंटने, म्हणजे मॅट्रिक्सच्या संयुग्मी परिवर्ताच्या प्रतिरूपाने) गुणून त्याचा N-वा घात घ्यावा, तो विस्तारून प्रत्येक पदाच्या जोड्या दोन प्रकारे लावून अंदाज बांधावा, आणि शेवटी N-वे मूळ काढून N अनंताकडे न्यावा. मला स्वतःला ही विश्लेषणातील सर्वांत देखणी युक्ती वाटते.

मूळ लेमा परस्परांशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या (गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालणाऱ्या) स्वसहचर, म्हणजे आपल्या सहचराइतक्याच असणाऱ्या, ऑपरेटरांपुरता होता. एलायस स्टाइन आणि अँथनी नॅप यांच्या कामातून ती अट गळाली आणि मग त्याचा पल्ला एकदम वाढला. काल्देरॉन–व्हायांकूर यांचे स्यूडोडिफरन्शियल ऑपरेटरांवरील (विकलन ऑपरेटरांच्या व्यापक रूपावरील) प्रमेय आणि ऑपरेटर केव्हा बद्ध असतो हे सांगणारे दाव्हिद–जुर्ने यांचे १९८४ चे ‘टी-वन’ प्रमेय, दोन्हींच्या सिद्धतांत तो राबवला गेला आहे.

१९६६ मध्ये अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने ब्युनोस आयर्स विद्यापीठात पोलीस घुसवून प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांवर लाठ्या चालवल्या. त्यानंतर राजीनामे देणाऱ्या शेकडो अध्यापकांत कोत्लारही होते. पुढे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठ आणि मग व्हेनेझुएलातील काराकास, असा त्यांचा मुक्काम हलत राहिला.

त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा मोठा टप्पा साठी उलटून गेल्यावरचा आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण गणित तरुणपणीच होते असे आपल्याकडे फार ठामपणे बोलले जाते. शिकागोतच पीएचडी केलेल्या कोरा सादोस्की यांच्याबरोबर त्यांनी हेल्सन आणि सेगो यांचा १९६० चा प्रश्न नव्याने हाती घेतला: कोणत्या वजनांसाठी, म्हणजे मापांसाठी, हिल्बर्ट रूपांतर एल-२ मध्ये, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे संकलन सान्त असते अशा फलनांवर, बद्ध राहते? टोप्लिट्झ कर्नल म्हणजे m आणि n या पूर्णांकांच्या फक्त फरकावर अवलंबून असणारी संख्यांची सारणी; त्यांच्या पद्धतीत m आणि n यांची चिन्हे बदलली की तिचे सूत्रही बदलते, म्हणून एका मापाऐवजी मापांचे २×२ मॅट्रिक्स घ्यावे लागते. असे कर्नल धन असेल तर ते मॅट्रिक्सही धन निवडता येते, हे त्यांचे ‘लिफ्टिंग’ प्रमेय. नाज आणि फोयाश यांच्या ऑपरेटर सिद्धांतातील लिफ्टिंगशी त्याचे जवळचे नाते आहे, आणि तुम्ही विचारलेले दोन विषय येथे खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळतात. याच पद्धतीने ते दोघे पुढे अनेक चलांच्या प्रश्नांकडे वळले, जिथे हिल्बर्ट रूपांतरे एकाहून अधिक असतात आणि एका चलातील पुष्कळशी साधने लागू पडत नाहीत.