आधी दरवाजा, मग बॉनेट

मार्च उजाडला, दुपारी थोडं ऊन पडू लागलं, की ब्रिटनमध्ये छत उघडणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती दिसू लागतात आणि पाठोपाठ तुमची पत्रं येतात. या खेपेची बहुतेक पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत : एमजीबी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती. जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे हौशी माणसाला परवडेल अशी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटली की बोट हिच्याकडेच जातं. म्हणून आज सगळी उत्तरं हिच्याबद्दलच.

प्रश्न : एका निवृत्त गृहस्थांची १९६९ ची एमजीबी रोडस्टर विकायला आहे. गडद हिरवा रंग, तारांची चाकं, क्रोमची जाळी, लेदरच्या सीट. जाहिरातीत ‘वेल प्रिझर्व्ड’ लिहिलंय, मागणी १४,५०० पौंड. शनिवारी बघायला जातोय. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, नवऱ्याला त्याहून कमी. काय बघू? (लेस्टर)

पहिली वीस मिनिटं बॉनेट उघडूच नका. विकणारा आधी बॉनेटच उघडतो, कारण धुतलेलं, पुसलेलं इंजिन बघून माणूस विरघळतो. या गाडीचं इंजिन साध्या गॅरेजमध्ये, माफक खर्चात दुरुस्त होतं. पैसा खातो तो पत्रा.

हिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चेसिस होती, बॉडी तिच्यावर बसवलेली. एमजीबीला चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे गाडीचं पुढचं आणि मागचं अंग एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम दोन्ही दरवाजांखालच्या सिल करतात. सिल म्हणजे बाहेरून दिसते ती नुसती पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मध्ये उभी भिंत आणि खाली एक घडीचा तुकडा, ज्याला इथले मेकॅनिक ‘कॅसल सेक्शन’ म्हणतात, अशी ती पेटी असते. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर आत शिरलं की पेटी आतून कुजते आणि बाहेरून रंग मात्र झकास दिसतो.

म्हणून आधी दरवाजाकडे बघा. बंद दरवाजाच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधोमध बसली आहे. मग दरवाजा उघडून हळूच लावा. उचलून लावावा लागत असेल तर बिजागरी झिजली असेल, किंवा प्रकरण त्याहून वाईट असेल. खात्री करायची तर मालकांना विनंती करून एक बाजू जॅकवर उचलायला लावा आणि तशाच स्थितीत दरवाजा पुन्हा उघडून बघा. अडकला तर चहा घ्या, आभार माना आणि घरी या.

दरवाजा पास झाला तर फ्रिजवरचं चुंबक मऊ कापडात गुंडाळून सिलवरून आणि पुढच्या चाकामागच्या विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, खालच्या टोकावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. विंगचं ते टोक म्हणजे चिखलाचा साठा : आतल्या पडद्याचं रबर गेलं की चाकाने उडवलेला चिखल तिथे वर्षानुवर्षं ओला बसून राहतो. आणखी एक गोष्ट. खरी सिल दोन्ही बाजूंच्या विंगखाली आत गेलेली असते, म्हणजे ती नीट बदलायची तर विंगचा खालचा भाग कापावा लागतो. हे महागात जातं, म्हणून अनेकांनी गंजक्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवून रंग मारला. गाडीखाली वाकून टॉर्च मारा. तिथे ‘नव्या’ सिलच्या आत जुनीचे अवशेष दिसतात. खाली वाकलाच आहात तर मागचे पाटे जिथे बॉडीला लागतात त्या जागाही बघा.

हे सगळं मी एवढं पाल्हाळ लावून सांगतोय, कारण मी स्वतः फसलोय. माझी पहिली एमजीबी मी रंगावर भाळून घेतली. वेल्डरने सिल कापली तेव्हा आतून पुट्टी लावलेले वर्तमानपत्राचे बोळे निघाले. एका बोळ्यावर क्रिकेटचा स्कोअर वाचता येत होता. गाडीच्या किमतीएवढंच पुन्हा वेल्डिंगला लागलं आणि बायको आजही त्या गाडीला ‘रद्दी’च म्हणते.

तारांच्या चाकांची परीक्षा सोपी आहे. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने जॅकवरचं चाक पुढे-मागे हलवायचं. कट्कट् झालं तर हबचे दाते झिजले आहेत. चाकं आणि हब दोन्ही बदलायला लागतात, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.

साल चांगलं निवडलंत. १९६७ च्या अखेरीपासून चारही गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरखरता पडायची सोय, आला, डायनामोऐवजी अल्टरनेटर आला. आणि १९६९ च्या शरद ऋतूत क्रोमची जाळी जाऊन आत ओढलेली काळी जाळी आली, ती मला कधीच आवडली नाही. म्हणजे तुमची गाडी मधल्या चांगल्या दोन वर्षांतली. सिल धड असतील तर मागणीवर घासाघीस करा. नसतील तर घासाघीसही नको. आणि मालकांना एकच विचारा : गाडी जपलेली आहे की पुन्हा बनवलेली? दोन्हीत वावगं काही नाही. पण पुन्हा बनवलेली असेल तर कामाचे फोटो आणि बिलं हवीत. १९८८ पासून हिची अख्खी नवी बॉडी मूळ साच्यांवर काढलेली मिळते. तशी बॉडी बसवली असेल तर उलट बरंच, फक्त तसं कागदावर दिसायला हवं.

प्रश्न : बघितलेल्या गाडीच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर रंग हिरवा आहे आणि गाडी लालभडक. मीटरवर ४८,००० मैल. मला फसवतायत का? (मिल्टन कीन्स)

रंगावरून तसं म्हणता येणार नाही. लाल रंगाची गाडी लवकर विकली जाते, म्हणून मधल्या काळात कित्येक हिरव्या आणि पांढऱ्या गाड्या लाल झाल्या. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारं ते सर्टिफिकेट कारखान्याच्या मूळ नोंदींवरून बनतं, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवा. त्यातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. रंग बदललेला असेल तर बॉनेटखाली आणि डिकीच्या कोपऱ्यांत जुना रंग डोकावतोच. किंमत मात्र थोडी कमी व्हायला हवी.

मीटरचं म्हणाल तर मैलांचे आकडे पाचच असतात. एक लाखानंतर पुन्हा शून्य. ४८,००० म्हणजे १,४८,००० सुद्धा असू शकतात आणि त्यात मालकाने काही लबाडी केली असं नाही. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर २००५ नंतरच्या एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही बघणाऱ्या वार्षिक, चाचण्यांचा इतिहास फुकट दिसतो, मैलांसकट. नापास का झाली तेही लिहिलेलं असतं. ‘सिल गंजली’ हे शब्द तिथे वाचून मी दोन सौदे फोनवरच मोडलेत. २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून सूट आहे, म्हणून त्यानंतरच्या नोंदी नसल्या तर घाबरू नका. घेतल्यावर स्वतःहून मात्र करून घ्या. आणि व्ही-फाइव्ह-सी हे नोंदणीपत्र असतं, मालकीचा पुरावा नव्हे. विक्रीची पावती वेगळी लिहून घ्या.

प्रश्न : काळ्या रबरी बंपरवाल्या गाड्या बऱ्याच स्वस्त दिसतात. घ्यावी का? (क्रॉयडन)

१९७४ च्या शरद ऋतूपासून अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी तो अवजड बंपर आला आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली. सुरुवातीला पुढचा अँटीरोल बारही काढून टाकला होता, त्यामुळे वळणावर गाडी झुकते; १९७७ च्या मॉडेलपासून तो परत दिला. दिसायला मला ती नाक सुजल्यासारखी वाटते. पण चालवायची हौस असेल आणि पैसे बेताचे असतील तर गंज नसलेली रबरी गाडी गंजक्या क्रोमवालीपेक्षा केव्हाही चांगली.

प्रश्न : किल्ली फिरवली की गाडीच्या मागून टकटक टकटक सुरू होतं. नवीनच घेतलीय, स्फोट तर होणार नाही ना? (हॅरो)

नाही हो. तो एसयू कंपनीचा, विजेवर चालणारा पेट्रोल पंप आहे, मागच्या बाजूला बसवलेला. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरेपर्यंत तो भराभर टकटकतो, मग थांबतो किंवा अधूनमधून एखादा ठोका देतो. थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय, कुठून तरी हवा शिरतेय, किंवा कार्ब्युरेटर ओसंडतोय. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्ली लगेच बंद करा. काळजी खरी तेव्हा करा जेव्हा आवाज अजिबात येणार नाही. मग त्याचे विजेचे पॉइंट चिकटलेले असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे पान्याच्या मुठीने पंपाला हळूच टिचकी मारायची. एवढ्यावर घरापर्यंत पोचता येतं. नंतर पॉइंट बदला.

प्रश्न : आमच्या आजोबांना नागपुरात सरकारी अँबॅसिडर होती. एमजीबीचं बॉनेट उघडलं तर सगळं ओळखीचं वाटलं. भास की खरं? (रेडिंग)

खरं! तुमचं पत्र वाचून मी पाच मिनिटं तसाच बसून होतो. माझे वडील सरकारी अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते आणि टॅपेटची (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागांची) गॅप कशी लावायची ते मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून शिकलो. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरिजचं. एमजीएमध्येही सुरुवातीला तेवढ्याच सीसीचं बी-सीरिज होतं. तेच वाढत वाढत एमजीबीत १७९८ सीसीचं झालं. म्हणजे बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेली साहेबांची गाडी आणि अबिंग्डनची ही चटकचांदणी एकाच घराण्यातल्या. याचा अर्थ जुन्या बाजारातले अँबॅसिडरचे पार्ट इथे बसतील असा नव्हे. पिस्टन, हेड वेगळी आहेत. पण हाताला सवय असेल तर कामी येते.

तेव्हा इंजिन पारखताना आजोबांच्या ड्रायव्हरसारखं ऐका. टॅपेटची हलकी टिकटिक चालेल. आवाज न करणाऱ्या टॅपेटची मला जास्त भीती वाटते, कारण गॅप उरली नाही तर व्हॉल्व जळतो. खालून येणारी जड धडधड नको. इंजिन चांगलं तापल्यावर पन्नास मैलांच्या वेगाला ऑइल प्रेशरचा काटा ५० च्या पुढे हवा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जोडगिअर, बसवलेला असेल तर चौथ्या गिअरमध्ये बटण दाबा. इंजिनचे फेरे सुमारे एकपंचमांशाने उतरायला हवेत. लांबच्या मोटरवेवर ओव्हरड्राइव्हशिवाय बायको-मुलांशी बोलणं होत नाही, काहींना तेच हवं असतं म्हणा.

प्रश्न : कोणतं पेट्रोल घालू? (स्लाउ)

पंपावर ई-फाइव्ह (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल) लिहिलेलं महागडं पेट्रोल घाला. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-टेन, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं; जुने रबरी पाइप आणि सील त्यातल्या इथेनॉलने खराब होतात. पाइप बदलून घ्या, शंभर पौंडही लागणार नाहीत. व्हॉल्वची सीट झिजू न देणारं, शिसं घातलेलं पेट्रोल २००० पासून बंद आहे. म्हणून हेडमध्ये कडक व्हॉल्व सीट बसवल्या आहेत का ते विचारा; नसतील तर पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव्य मिळतं.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याने १९६८ ची घेतली आहे आणि ती मला पुण्याला पाठवायची म्हणतो. आता एमजीच्या शोरूम इथेही आहेत, म्हणजे पार्टची चिंता नाही ना? (पुणे)

काका, शोरूमवरची पाटी तीच, घर मात्र बदललंय. आजची एमजी चीनच्या सैक कंपनीची, भारतात जेएसडब्ल्यूसोबत, आणि गाड्या बनतात गुजरातेत हलोलला. तुमच्या गाडीचा एकही बोल्ट तिथे मिळणार नाही. पण चिंता नको. हिचा जवळपास प्रत्येक पार्ट इंग्लंडमध्ये आजही नवा मिळतो, मुलगा सुट्टीला येताना बॅगेत आणेल.

खर्च पार्टचा नाही, आणण्याचा आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी आयात करायची मुभा २०२५ मध्ये मिळाली, त्यात तुमची बसते. सीमाशुल्क मात्र जबर आहे. जहाजावर चढवण्याआधी कस्टम्स एजंटकडून आकडा लेखी मागवा, आणि तो बघताना बसून बघा. भारतात पोचल्यावर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनाला चालते. पेट्रोल तुमच्याकडे ई-ट्वेंटी, तेव्हा पाइपांचं वरचं उत्तर तुम्हाला दुप्पट लागू.

मुलाने गाडी आधीच घेतलीय म्हणता. त्याला आज रात्री फोन करा आणि दरवाजा नीट लागतो का तेवढं विचारा.