सोलापुरात हातात १८ हजार मिळतात, पुण्यात २८ हजारांची ऑफर आहे, जावं का?

आधी २८ हजार सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आहे की हातात येणारा पगार, ते विचारा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरतात. मूळ पगार १४ हजार असेल तर पीएफचे तुमचे आणि कंपनीचे १२-१२ टक्के मिळून ३,३६० गेले, व्यवसाय कराचे २०० गेले, उरले २४,४४०. त्यातून कॉटभाडं, मेस, पेट्रोल, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट वजा करा. डिपॉझिट अडकतं ते वेगळंच. सोलापुरात घरीच राहत असाल तर शिल्लक बहुतेकदा इथंच जास्त पडते.

तरीही नवं काम शिकायला मिळणार असेल तर जरूर जा, पुढची पगारवाढ त्यावरच ठरते. फक्त स्थळं चांगली येतील म्हणून मात्र जाऊ नका. पाहुण्यांना पगाराचा आकडा दिसतो, महिनाअखेरची शिल्लक नाही.