वापरलेली साडेतीनशे सीसीची गाडी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझे बजेट सव्वा लाखाचे आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०१७ ची, फक्त ११ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०१९ ची, ४१ हजार चाललेली, पण सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या असलेली. घरच्यांचा कल पहिलीकडे आहे. आपण काय सुचवाल? (कोलशेत, ठाणे)

उत्तर : मी दुसरी गाडी आधी पाहीन. पहिली गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटरही चाललेली नाही, म्हणजे तिचे बहुतेक आयुष्य सोसायटीच्या आवारात उभ्याने गेले असणार, आणि खाडीकाठच्या दमट हवेत उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. २०१७ च्या क्लासिकला कार्बोरेटर आहे. त्यात पेट्रोल महिनोन्महिने साचून राहिले की त्याचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, बसतो. शिवाय आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे टाकी आतून गंजते. टाकीचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. तांबूस पापुद्रे दिसले, तर तो सौदा तिथेच सोडावा.

मीटरवरचा आकडाही पारखून घ्यावा. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात; २३१७ याचा अर्थ २०१७ सालचा तेविसावा आठवडा. अकरा हजार चाललेल्या गाडीचे टायर मूळचेच असायला हवेत, आणि तसे ते असतील, तर नक्षी शाबूत दिसली तरी इतक्या वर्षांत रबर कडक झालेले असल्यामुळे ते बदलावेच लागतील. टायर नवे असतील, तर ते कधी आणि का बदलले हे विचारावे. ब्रेकच्या पायपट्टीची कड आणि फुटरेस्टचे रबरही पाहावे. मीटर बदलता येतो, परंतु पाच-सहा वर्षे बुटाखाली घासून गुळगुळीत झालेले रबर बदलायचे सहसा कोणाला सुचत नाही.

दोन्ही गाड्या सकाळी लवकर पाहायला जा आणि तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका, असे मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गेल्यावर आधी इंजिनाला तळहात लावावा. ते कोमट लागले, तर आधीच सुरू करून तापवले आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही क्षण येणारा टकटक आवाज ऑइल वर पोहोचताच थांबला पाहिजे. तो थांबत नसेल किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर खर्च मोठा आहे.

भावाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या शोरूमच्या किमतीवरून हिशेब सांगणाऱ्या मालकाला हे नम्रपणे दाखवून द्यावे. आणि सव्वा लाखातले वीसेक हजार हातात राखूनच बोलणी करावीत, कारण टायर, बॅटरी, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड यांपैकी काही ना काही पहिल्या सहा महिन्यांत निघतेच.

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी माझी डॉमिनार स्टँप पेपरवर लिहून विकली. घेणाऱ्याने अजून नाव बदललेले नाही आणि त्याचे ई-चलान माझ्या मोबाइलवर येत आहे. काळजीचे कारण आहे का? (नेरुळ)

उत्तर : होय, आणि चलान ही त्यातली सर्वांत लहान काळजी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. उद्या त्या गाडीने अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. स्टँप पेपरने ती टळत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण करावे लागते; राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ती मुदत उलटली असली तरी आजच त्या व्यक्तीला सोबत घेऊन आरटीओत जावे. तो टाळाटाळ करत असेल, तर विक्रीच्या पुराव्यासह आरटीओला आणि पोलिसांना लेखी कळवून पोच घ्यावी.

गाडी घेणाऱ्यांनीही दोन गोष्टी पाहाव्यात. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि तो बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर खड्ड्यात ब्रेक लावला की हँडलमध्ये 'टक' असे जाणवते. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळही दिसतो. मेकॅनिक फक्त तेल अडवणारे सील बदलू म्हणतो. (कासारवडवली)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. 'टक' हा बहुधा कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या संचाचा, दोष आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू डावी-उजवीकडे फिरवावे. चाक सरळ रेषेत येताच हँडल खोबणीत बसल्यासारखे अडले, तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडले आहेत. अशा वेळी नट आवळून उपयोग नाही, पूर्ण संच बदलावा लागतो.

सीलच्या बाबतीत मेकॅनिकला आधी शॉकअपचा चकचकीत पाइप पाहायला सांगा. कापडाने पाइप पुसून त्यावरून वरपासून खालपर्यंत नख फिरवावे. नख कुठे अडकले, तर तिथे गंजाची पुळी आहे, आणि ती नवे सील काही दिवसांत पुन्हा फाडते. माझ्या पहिल्या गाडीचे सील एका पावसाळ्यात तीनदा बदलले गेले, तेव्हा कोठे एका वयस्क कारागिराने माझे नख धरून त्या पुळीवर टेकवले. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर तेल उतरत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. आता कोरडी दिसते. सुरू करून पाहू का? (कळवा)

उत्तर : मुळीच नाही. आधी बॅटरीची तार सोडवावी आणि इंजिन ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. स्पार्क प्लग काढून, एअर फिल्टर बदलून, सायलेन्सर व टाकीतले पाणी काढून आणि ऑइल दोनदा बदलूनच इंजिनाला हात लावावा. पाणी आत असताना स्टार्टर दाबला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि मग पाच-सात हजारांत आटोपणारे काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जाते.