बर्मिंगहॅमला असलेल्या मुलाला इन्सुलिन पंप मिळेल का?

प्रश्न: मुलगा २७ वर्षांचा, टाइप १ डायबेटिस, नोकरीसाठी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेलाय. रोज चार-पाच इंजेक्शनं घेतो, अंगावर शुगर मोजणारा सेन्सरही लावतो, तरी रात्री शुगर एकदम खाली जाते, इथे आमचा जीव टांगणीला लागतो. तिथल्या सरकारी सेवेतून पंप मिळतो का? - एक आई, सांगली

उत्तर: ताई, मिळू शकतो आणि तोही फुकट. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरलाय ना, मग एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, त्याचाही हक्क आहे. फक्त पंप जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) देत नाही, हॉस्पिटलची डायबेटिस टीम देते, म्हणून जीपीकडून रेफरल घ्यायला सांगा. डिसेंबर २०२३ मध्ये एनएचएसमध्ये कोणते उपचार द्यायचे ते ठरवणाऱ्या नाइस संस्थेने सेन्सर बघून पंप आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करतो ती हायब्रिड क्लोज्ड लूप सिस्टीम मान्य केली, मोठ्यांसाठी अट अशी की सेन्सर किंवा पंप वापरूनही एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.५% किंवा जास्त हवं, नाहीतर शुगर सारखी खाली जाऊन जगणं अवघड झालेलं हवं. मला त्याची केस दुसऱ्यातली वाटते, म्हणून प्रत्येक वेळ लिहून ठेवायला सांगाच: रात्री २ वाजता ३.१ (म्हणजे आपल्याकडचे ५६), घाम, हात थरथरले, ज्यूस घेतला. डॉक्टरांसमोर ही वही फार कामाला येते. कार्ब काउंटिंगचा, म्हणजे जेवणातली कर्बोदकं मोजायला शिकवणारा, कोर्सही आत्ताच मागून घ्यावा, पंपावर पोळी-भाताचा हिशोब स्वतःच घालावा लागतो. ही सिस्टीम पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलंय त्यामुळे थांबावं लागेल, तोवर त्याने सेन्सरचा लो अलार्म रात्री अजिबात बंद करू नये.