पुढच्या महिन्यात नेतृत्व आणि तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण आहे. क्लास वन अधिकाऱ्याने आधी काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय, पाच दिवसांच्या या प्रशिक्षणाचा कामात खरंच उपयोग होतो का आणि जाण्याआधी काय वाचून जावं. वाचायला मी काही सुचवत नाही. तुमच्या डिजिटल सहीचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावून सही करायचं ते पेन ड्राइव्हसारखं उपकरण, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून परत घ्या, पिन बदला, आणि एक प्रकरण स्वतः उघडून स्वतः मान्य करा. हे होणार नसेल तर जाऊ नका, ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू द्या.

मी नाशिक जिल्ह्यात महसूल खात्यात होतो, 2020 ला मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न वाचला आणि 2017 चा मे महिना डोळ्यासमोर आला.

तेव्हा चावडी वाचन चालू होतं. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा गावासमोर वाचायचा, खातेदाराने चूक दाखवली की नोंदवायची, मग दुरुस्ती. माझं मंडळ पेठ-सुरगाण्याच्या बाजूला. टेकडीवर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज नाही, आणि दिवसा सर्व्हर रांगायचा. म्हणून माझे तलाठी दिवसभर वाचन उरकून लॅपटॉप घेऊन घाट चढून नाशिकला यायचे. कोणी पंचवटीत मेहुण्याकडे, कोणी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याच्या खोलीवर. रात्री दोन-अडीचपर्यंत नोंदी करायच्या आणि सकाळी पुन्हा गावात हजर. त्यांच्या बायकांनी मला किती बोल लावले असतील! एका गावात एका आजींचं नाव संगणकात आलंच नव्हतं. नवऱ्याच्या मागे वारस म्हणून हस्तलिखितात होतं, भरताना सुटलं. आजी तीन वेळा आल्या. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, "आजी, आमच्याकडून झालंय, वर सही बाकी आहे."

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 ची दुरुस्ती, म्हणजे नोंदीतली लेखनचूक सुधारणं, तलाठ्याच्या हातात नसते, वरच्या लॉगिनवरून मान्यता लागते, हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच महिन्यात आमचे साहेब नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आठवड्याच्या आत नाशिकला आढावा बैठक लागली. पडद्यावर मंडळांची यादी, हिरवी, पिवळी, लाल. माझं मंडळ सगळ्यात खाली, लाल रंगात, 63 दुरुस्त्या प्रलंबित. साहेब अर्धा तास 'बदलाला होणारा विरोध' यावर बोलले. मग मला उभं केलं. मी म्हटलं, "साहेब, यातल्या 41 आपल्याच लॉगिनला पडून आहेत."

सभागृह गप्प. साहेबांना ते ठाऊकच नव्हतं. डोंगल आणि पासवर्ड दोन्ही ऑपरेटरकडे, आणि ऑपरेटर बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर. ती स्क्रीन साहेबांनी कधी स्वतः उघडलेलीच नव्हती. पण मला उत्तर मिळालं ते असं: "तुमच्या पिढीला तंत्रज्ञानाची भीती वाटते. आधी मानसिकता बदला."

हे मला तेव्हा लागलं आणि अजून लागतं. मी एमएससीआयटी 2004 ला केलं, 42 व्या वर्षी, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर बसून. घरी संगणक नव्हता, वहीच्या पानावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं बसवली. ज्या तलाठ्यांना माउस धरता येत नव्हता त्यांना मी शिकवलं. आणि भीती मला?

तिसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. मी तीन पानी खुलासा दिला, कोणती नोंद कोणत्या तारखेपासून कुठे थांबली त्याच्या प्रिंट जोडून. तो दप्तरी दाखल झाला. दरम्यान ऑपरेटर लग्नाहून परतला आणि एका संध्याकाळी 41 च्या 41 निघाल्या. पुढच्या बैठकीत माझं मंडळ हिरवं होतं. त्या 41 मध्ये आजींचीही नोंद होती. त्यांच्या हातात सातबारा मी स्वतः दिला.

म्हणून सांगतो, प्रशिक्षणात तुम्हाला डॅशबोर्ड दाखवतील. किती प्रकरणं अडली ते तो दाखवतो. कोणाच्या टेबलावर अडली ते कळायला लॉगिन करून आत जावं लागतं. जाताना तुमच्याकडचीच अडलेली तीन प्रकरणं घेऊन जा आणि शिकवणाऱ्याला ती समोर उघडायला लावा. डोंगल दुसऱ्याच्या हाती देणं ही सोय नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 चं कलम 42 सांगतं की सहीची खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. कागदावर कोरी सही करून कपाट उघडं टाकाल का? मग पासवर्ड चिठ्ठीवर लिहून का देता? उद्या चुकीचा फेरफार मंजूर झाला तर चौकशी तुमची होईल, कंत्राटी पोराची नाही. आता आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर अभ्यासक्रम असतात, तेही ऑपरेटरला व्हिडिओ लावायला सांगून पुरे करू नका. प्रमाणपत्र येईल, पण शिकेल तो.

सगळेच अधिकारी असे नसतात, हे सांगायला हवं. नंतर एक मॅडम आल्या, त्या पहिल्याच आठवड्यात तलाठ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एक नोंद सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. त्यांनी मला कधी मानसिकता विचारली नाही, कोणत्या पायरीला स्क्रीन अडकते ते विचारलं. पुण्याच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत जाऊन आलेल्या काही जणांना दुसऱ्या खात्यातल्या लोकांच्या ओळखीचा पुढे खूप उपयोग झालेलाही मी पाहिलाय, तेव्हा पाच दिवस अगदीच वाया जातील असं म्हणत नाही. त्या ऑपरेटरवरही माझा राग नाही, त्याने सांगितलं तेवढं केलं.

माझी पत्नी अजून म्हणते की ते भर सभेत बोलायला नको होतं, केबिनमध्ये सांगायचं. मला पटत नाही. यादी भर सभेत लावली होती.