लातूरहून जर्मनीला: बी-वनचा वाचनाचा कोर्स घ्यावा का?

तुझा प्रश्न असा: लातूरला राहून जर्मन भाषेची ए-टू पातळी झालीय, ऑक्टोबरपासून जर्मनीत इंग्रजी माध्यमातलं मास्टर्स आहे, विद्यापीठाच्या भाषा केंद्रात त्यापुढच्या बी-वन पातळीचे दोन कोर्स दिसतायत. एक संभाषणाचा, एक वाचनातून शिकवणारा. कुठला घेऊ?

ताई म्हणून विचारलंस म्हणून सरळ सांगते, वाचनाचा घे. बोलायला बेकरी आहे, फ्लॅटमधल्या पोरी आहेत. समोर बसवून वाचून घेणारं मात्र कुणी भेटत नाही. आणि वाचलेलं वर्गात स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतातच, तेव्हा तोंड बंद ठेवून काही सुटका नाही.

मी औशाची, त्यामुळे आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे: प्रश्नसंच आणायचे आणि सोडवत सुटायचं. गोएथे संस्थेच्या बी-वन परीक्षेला ते चालून जातं. वाचनाचा पेपर 65 मिनिटांचा, भाग पाच, शंभरपैकी साठ आले की पास. लातूर पॅटर्नमधून निघालेल्यांना त्यात काय अवघड! पण त्याच पास झालेल्या पोरांना पहिलं सरकारी पत्र आलं की घाम फुटतो. पत्राखाली पर्याय दिलेले नसतात ना.

अडतं कुठे ते सांगते. ए-टूपर्यंत भूतकाळ म्हणजे बहुतेक 'हाबं' नाहीतर 'बिन' ही साहाय्यक क्रियापदं लावून केलेला. कथेतला भूतकाळ वेगळा: ती उघडली की 'गिंग' (गेला), 'नाम' (घेतलं), 'ब्लीब' (राहिला) असली मंडळी रांगेनं उभी. शब्दकोशात 'गिंग'चा अर्थ बघायचा तर ते 'गेएन'चं (जाणं) रूप आहे हे आधी माहीत हवं. म्हणून अनियमित क्रियापदांचा तक्ता निघण्याआधी पाढ्यांसारखा पाठ कर. घोकंपट्टीला मी एरवी नावं ठेवते, इथे नाही.

दुसरी अडचण वाक्यात दोन तुकडे होऊन लांब लांब पडणाऱ्या क्रियापदांची. 'आबलेनन' म्हणजे नाकारणं. पत्रात 'लेनन' सुरुवातीलाच येऊन जातं. मग तुझा अर्ज, त्याची तारीख, कुठलंसं कलम, आणि 'आब' थेट पूर्णविरामापाशी. तिथवर पोचलीच नाहीस तर अर्ज फेटाळलाय हे कळायचं नाही. आपल्याला हे जड जाऊ नये, मराठीतही 'नाही' शेवटीच येतं. अशा पत्राच्या तळाशी हरकत घ्यायची मुदतही असते, बहुधा एक महिन्याची. ती आधी शोधायची.

आता वाचायचं काय? लहान मुलांची पुस्तकं घे, असं सगळे सांगतील. ऐकू नकोस. ग्रिम बंधूंच्या परीकथांत तोच भूतकाळ आणि वर जुनेपुराणे शब्द. त्यापेक्षा वोल्फगांग बोर्शर्ट या जर्मन लेखकाची 'दास ब्रोट' (पाव) ही कथा घे, 1946 ची, जेमतेम दोन पानांची. युद्धानंतरची टंचाई. रात्री अडीचला म्हातारीला जाग येते, नवरा स्वयंपाकघरात. टेबलावर ताटली, सुरी, कापडावर पावाचा चुरा. तो म्हणतो, काहीतरी आवाज आला म्हणून उठलो. तिला खोटं कळतं, ती बोलत नाही. दुसऱ्या संध्याकाळी स्वतःच्या वाट्यातला एक तुकडा त्याच्याकडे सरकवते. वाक्यं इतकी आखूड की ए-टूवरही झेपतात. आणि घरात बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीच्या, मिलोच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरीला या कथेचा अर्थ शिकवावा लागत नाही.

पहिल्यांदा शब्दकोश बंद ठेवून शेवटापर्यंत वाच. दुसऱ्या वेळी ज्यांच्यावाचून गाडी पुढे सरकत नाही तेवढेच शब्द बघ. तिसऱ्यांदा मोठ्यानं. अनुवादाचं ॲप पत्रांना खुशाल वापर, कथेला नको.

बातम्यांसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं 'टॉप-थेमा' बी-वनसाठीच आहे, सोबत ऑडिओही असतो. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओचं 'नाखरिश्टनलाइश्ट', म्हणजे सोप्या भाषेतल्या बातम्या, त्याहून सोपं.

पत्ता नोंदवलास की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना 18.36 युरोचं. टीव्ही नसला तरी भरावंच लागतं, पण घरामागे एकच. फ्लॅटमध्ये कुणी आधीच भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्यांना द्यायचा. हे सगळं त्याच पत्रात लिहिलेलं असतं.

कोर्सच्या नोंदणीआधी पातळी ठरवणारी चाचणी लागते का, ते भाषा केंद्राच्या पानावर आत्ताच बघून ठेव. जागा मोजक्या असतात, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच भरतात.