पार्टटाइम पीएचडी : विषयाचं नंतर, आधी एनओसीचा मजकूर बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की अनुदानित कॉलेजात गायन शिकवता, नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेच्या स्कोअरवर पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, विषय 'संगीत अध्यापनात आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर' असा डोक्यात आहे, आणि कॉलेजच्या एनओसीबद्दल, म्हणजे ना-हरकत पत्राबद्दल, ऑफिसवाले म्हणतायत की "आधी अ‍ॅडमिशन तर होऊ द्या मॅडम, एनओसीचं नंतर बघू." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मला हेच ऐकवलं होतं, त्या 'मॅडम'सकट.

फॉर्म, फी, मुलाखतीत काय विचारतात वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला कळतंच. थेट एनओसीवर येते.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ७ नोव्हेंबर २०२२ ची पीएचडी नियमावली काढा, त्यात पार्टटाइमवाल्यांच्या एनओसीत काय लिहिलेलं पाहिजे ते स्पष्ट दिलंय. उमेदवाराला पार्टटाइम पीएचडी करायला परवानगी आहे, त्याचं कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडली तर कोर्सवर्क (पीएचडीतले सक्तीचे अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल. या तिन्ही गोष्टी पत्रात हव्यात. आमच्या ऑफिसनं काय दिलं, तर 'सदर प्राध्यापिकेस उच्च शिक्षण घेण्यास महाविद्यालयाची हरकत नाही.' बास, एक ओळ, खाली सही-शिक्का. मी नियमावलीची प्रिंट अर्जाला जोडून दिली होती, ती तशीच टाचणीसकट परत आली.

विद्यापीठाच्या पीएचडी विभागानं ते पत्र अर्थातच परत पाठवलं. मग सुरू झालं. ऑफिस म्हणे आमचा फॉरमॅट हाच आहे, बदलायचा तर संस्थेची मंजुरी लागेल. संस्थेच्या ऑफिसात गेले तर प्राचार्यांचं शिफारसपत्र आणा, प्राचार्य म्हणे आधी संस्थेचा ठराव होऊ दे मग मी शिफारस करतो. सगळ्यांचं घोडं अडलं होतं तिसऱ्या मुद्द्यावर. 'मोकळं केलं जाईल' म्हणजे पगारी रजा द्यावी लागणार, मग हिचे तास कोण घेणार, उद्या बाकीचे पण मागतील, असं सगळं आतल्या आत. मला तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान वर अपील करता आलं असतं. फाइलवर एक पिवळी चिठ्ठी डकवलेली, 'चर्चा करावी'. कुणी, कुणाशी, कधी, काही नाही. दर वेळी गेलं की फाइल त्याच टेबलावर त्याच गठ्ठ्यात, फक्त गठ्ठा वाढलेला. वर एका गृहस्थांनी विचारलंच, "गाण्यात कसली हो पीएचडी, पेटी तर वाजवायची." असो.

यात आरआरसीची, म्हणजे विषयाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची, मीटिंग हुकली. ते पण एक वेळ चाललं असतं, पुढच्या मीटिंगला गेलं असतं प्रकरण. पण त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे, ज्याकडे कुणी बघत नाही : निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर गाइडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आधी रजिस्टर झालेले चालतात, नवीन नाही. आपल्याकडे कॉलेजातले प्राध्यापक साठीला रिटायर होतात, म्हणजे सत्तावन्न उलटलं की दार बंद. माझे गाइड नेमके त्या काठावर होते. पत्र चिठ्ठीखाली दबलेलं असतानाच त्यांची तारीख उलटली.

संगीतात मान्यताप्राप्त गाइड आहेतच किती? असिस्टंट प्रोफेसरला चार, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ विद्यार्थी एवढीच मुभा, आणि चांगल्या लोकांच्या जागा भरलेल्या. जवळपास वर्ष गेलं तेव्हा नवीन मॅडम मिळाल्या. फार चांगल्या आहेत, पण त्यांचं काम नाट्यसंगीताच्या इतिहासातलं आणि माझा विषय वर्गातल्या शिकवण्याचा, त्यामुळे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली. एका ओळीच्या पत्राची ही किंमत.

म्हणून माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो : मुलाखतीच्या आधीच एनओसीचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. तिन्ही वाक्यं नियमावलीतल्या शब्दांच्या जवळ ठेवा, 'मोकळं' शब्दाला लोक घाबरतात म्हणून त्याच्यापुढे 'कोर्सवर्कच्या कालावधीपुरते' घाला, म्हणजे ऑफिसचा जीव भांड्यात पडतो. कोर्सवर्क ठरावीक क्रेडिटचं असतं, अनंतकाळ चालणारी गोष्ट नाही, हेही तोंडी सांगा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख टाकून घ्या. तो नंबर नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असंही ऐकायला मिळतं. आणि गाइडना रिटायरमेंटची तारीख विचारा. आपल्या क्षेत्रात हे अवघड जातं माहितीये, ज्यांच्या पाया पडतो त्यांना 'सर, तुम्ही कधी रिटायर होताय' कसं विचारायचं. तरी विचारा.

(मी काही नियमांची तज्ज्ञ नाही, प्रत्येक विद्यापीठाची परिपत्रकं वेगळी असतात, तुमच्याकडचं तपासून घ्या. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असाल तर सगळंच गणित वेगळं, त्यातलं मला कळत नाही.)

आता विषय. रागावू नका, पण 'आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर' हा विषय नाही, ते चर्चासत्राचं नाव झालं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन शोधा, अशा शीर्षकांची रांग दिसेल. तुमच्या वर्गात रोज जे अडतं तिथून विषय काढा. माझं सांगते. बीएच्या वर्गात मुलं-मुली एकत्र, तानपुरा अ‍ॅप एकच. काळी चारला (पेटीवरच्या उंच पट्टीला) लावला की मुली खूश, आणि मुलांना तार सा, म्हणजे वरचा सा, लागत नाही, खालच्या सप्तकात उतरावं तर मंद्रात, अगदी खाली, आवाज विरून जातो. त्याहून खालच्या काळी एकला लावला की मुलींचं उलटं, नुसती गुणगुण ऐकू येते. मग आपण काय करतो, मुलांना मागच्या बाकावर बसवून 'ऐका' म्हणतो आणि तीन वर्षांनी त्यांना परीक्षेत मार्क कमी पडतात. पंडित जसराजजींनी जसरंगी या स्त्री-पुरुष जुगलबंदीत पुरुषाचा मध्यम (म) तो स्त्रीचा षड्ज (सा) करून मैफलीत वाट काढली, पण तिथे दोघं तयारीचे आणि दोन वेगळे राग गातायत, वर्गात सगळ्यांना एकच भूप राग शिकवायचाय. गट पाडून, दोन स्वरांत आलटून पालटून शिकवलं तर काय फरक पडतो, हे मोजता येतं, रेकॉर्ड करता येतं. तुमचं तंत्रज्ञान पण त्यात आपोआप येतं, अ‍ॅप आहेच की. फक्त विद्यार्थ्यांची लेखी संमती आधी घ्या.

सिमिलॅरिटीचं, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचं, एक. मर्यादा १० टक्क्यांची आहे, आणि आपले लोक दुसऱ्या प्रकरणात पन्नास रागांचं वर्णन भरतात, आरोह-अवरोह-वादी-संवादी, जे शब्दशः प्रत्येक प्रबंधात असतं. नकोच ते. परीक्षकांना यमनचा वादी माहिती असतो.

फुलटाइम की नोकरी सांभाळून, असं विचारलंयत. मी असते तर नोकरी सोडली नसती, बिनपगारी रजाही नसती घेतली. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, वर दोन वाढवून मिळतात, बायकांना आणखी दोन. वेळ आहे. असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागतेच, म्हणजे कधीतरी करायचीच आहे. खरी अडचण आठवड्याच्या १६ तासांची नसते, त्याबाहेरच्या कामांची असते. इतिहासवाल्यांना कुणी म्हणत नाही की उद्या मंत्री येतायत, जरा पानिपत सादर करा. आपल्याला मात्र स्वागतगीत, ईशस्तवन, विद्यापीठ गीत, गॅदरिंग, युवक महोत्सव, नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणारी) टीम आली की पुन्हा स्वागतगीत, आणि तालमीला म्हणून मुलं तासातनं उठवून न्यायची ती आपल्याच. युवक महोत्सवाच्या दिवसांत लिखाण होत नाही, तेवढे महिने सरळ कोरे धरा आणि रेकॉर्डिंग, प्रश्नावली असली कामं दुसऱ्या सत्रात ठेवा. मी स्वागतगीताची जबाबदारी एम.ए.च्या मुलींवर सोपवलीय, त्या माझ्यापेक्षा बरं बसवतात.

पेपर छापून देतो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतील, पैसे देऊ नका. २०२२ च्या नियमात प्रबंधाआधी पेपरची यूजीसीची सक्ती उरलेली नाही, तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती बघा.

माझ्याकडे शेवटी मंजूर झालेल्या एनओसीचा मजकूर आहे. हवा असेल तर मेसेज करा, कॉलेजचं नाव काढून पाठवते.